कॉलेजच्या फुटबॉल संघाला सरावाचं मैदान कसं मिळवायचं

संघाची नोंदणी अर्ध्या तासात होते. फॉर्म, फोटो, प्राचार्यांची सही, झालं. त्याच संघाला आठवड्यातून चार दिवस धावायला जागा मिळवायला पहिल्या वर्षी मला अख्खा पावसाळा लागला. आमचं कॉलेज पुण्यातलं. चार मजली इमारत, मागे गाड्या लावायचं पटांगण आणि त्यात बास्केटबॉलचा एक खांब. मुलं चोवीस, आणि पुढच्या वर्षी मुलींचाही संघ. हल्ली दर जुलैत कोणी ना कोणी नवा क्रीडाशिक्षक किंवा संघाचा कॅप्टन येतो आणि विचारतो, "सर, मैदानाचं काय केलंत?" त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. पूर्ण मापाचं, हिरवळीचं, रोज मोकळं असं एकच मैदान शोधत बसलात तर हंगाम हातचा जाईल. आम्ही आठवड्याचा सराव तीन जागांवर वाटला आणि प्रत्येक जागेची ठरावीक वेळ लेखी घेतली. "मैदान द्या" म्हटलं की समोरचा माणूस दचकतो. "मंगळवार-गुरुवार सव्वापाच ते पावणेसात मैदान वापरू द्या" म्हटलं की तो वही उघडतो.

आधी सरावाचा हिशेब

जागा बघायला निघण्याआधी एक संध्याकाळ बसा आणि आपला संघ आठवड्यात नेमकं काय करणार हे कागदावर मांडा. प्रत्येक गोष्टीला पूर्ण मैदान लागत नाही.

नियमांप्रमाणे मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. मोठ्या स्टेडियममध्ये आपण पाहतो ते माप बहुतेक १०५ बाय ६८. म्हणजे ७,१४० चौरस मीटर, पावणेदोन एकर. कडेला पळत जाऊन थांबायला तीन-तीन मीटर धरले की दोन एकर. शहराच्या मध्यवस्तीत एवढी मोकळी जमीन असलेली कॉलेजं थोडीच. पण किमान माप बघा: ९० बाय ४५, म्हणजे ४,०५० चौरस मीटर, जेमतेम एक एकर. एवढं पटांगण जुन्या शाळांकडे अजून आहे. त्यामुळे "अकराच्या संघाला पुरेल असं मैदान इथे कुठेच नाही" हे वाक्य कोणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका. टेप घेऊन जा.

आता माणशी जागा किती येते ते पाहा. १०५ बाय ६८ वर अकरा विरुद्ध अकरा खेळलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस मीटर येतात. हँडबॉलच्या ४० बाय २० च्या कोर्टवर चार विरुद्ध चार खेळवलं तर माणशी शंभर. जागा आवळली की चेंडू सारखा पायाशी येतो, अंगावर माणूस येतो, निर्णय पटकन घ्यावा लागतो. पहिला स्पर्श, छोटे पास, चेंडू गेल्यावर लगेच दाबणं, हे सगळं छोट्या जागेतच जास्त चांगलं घोटलं जातं. गोलात पाच आणि मधे दोघे हा सराव तर आमच्या गाड्यांच्या पटांगणातही होतो, फक्त दुचाक्या एका बाजूला लावून घ्याव्या लागतात.

छोट्या जागेत काय होत नाही तेही लिहा. विंगवरून क्रॉस, गोलकीपरची लांब किक, चौघा बचावपटूंनी एका रेषेत पुढे-मागे सरकणं, ऑफसाइडचा अंदाज, कॉर्नर. यांना लांबी-रुंदी हवीच. जो संघ फक्त जाळीच्या पिंजऱ्यात खेळून स्पर्धेला जातो तो पहिल्या वीस मिनिटांत ओळखू येतो: विंगर बाहेर जातच नाहीत, सगळे मधे गोळा होतात आणि थ्रो-इन घ्यायला कोणाला सुचत नाही.

आमचा हिशेब असा ठरला. पूर्ण मैदान आठवड्यातून एकदा, अर्धं मैदान दोनदा, पटांगण एकदा. एवढं कळलं की शोध एकदम सोपा होतो, कारण अर्धं मैदान मागणाऱ्याला नकार देणं लोकांना जड जातं.

कोणाकडे जायचं

पहिला फोन आपल्याच संस्थेच्या शाळेला करा. महाराष्ट्रातली बहुतेक जुनी कॉलेजं एखाद्या शिक्षण संस्थेची असतात आणि त्याच संस्थेची एखादी माध्यमिक शाळा शहरात कुठेतरी असतेच. शाळा पाचला सुटते आणि साडेपाचला मैदान रिकामं होतं. भाडं बहुतेक लागत नाही, कारण दोन्हीकडे सही करणारे तेच पदाधिकारी असतात. आम्हाला पहिली पक्की जागा अशीच मिळाली आणि ती आमच्याच संस्थेची होती हे कॉलेजात कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मोठं मैदान असलेली कॉलेजं. तिथल्या शारीरिक शिक्षण संचालकांना प्रत्यक्ष भेटा, हात हलवत जाऊ नका. "शनिवारी सकाळी तुमच्या संघाबरोबर सराव सामना खेळतो, रेषा मारायची फक्की आणि चेंडू आमचे" असं म्हटलं की पूर्ण मैदानही मिळतं आणि प्रतिस्पर्धीही. आमच्या बहुतेक शनिवारांची सोय अशीच झाली.

सरकारी दारं दोन. महापालिकेची मैदानं क्रीडा विभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाकडून मिळतात. काही मैदानं संस्थांना चालवायला दिलेली असतात, तेव्हा आधी फलक वाचा आणि सध्या ताबा कोणाकडे आहे ते विचारा. दुसरं दार जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं. जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांची माहिती तिथे मिळते आणि बहुतेक संकुलांत विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर असतो. पुण्यात बालेवाडीची श्री शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभी राहिली. तिच्यासारख्या ठिकाणी रोजचा सराव परवडणार नाही, अंतरही खूप, पण मोठ्या स्पर्धेआधी मुलांना एकदा तरी चांगल्या हिरवळीवर उतरवायला विचारून पाहायला हरकत नाही.

धावपट्टी असलेलं कुठलंही मैदान दिसलं की थांबा. चारशे मीटरच्या प्रमाणित धावपट्टीच्या आतल्या जागेची रुंदी साधारण ७३ मीटर भरते आणि तिथे फुटबॉलचं मैदान बसतं. पोलीस मुख्यालय, राज्य राखीव पोलीस दल, रेल्वे, लष्करी वसाहत यांच्याकडे अशी मैदानं असतात. पुण्यात फुटबॉल मुळात कॅम्प, खडकी, घोरपडी याच पट्ट्यात रुजला, त्यामुळे तिथल्या लोकांना फुटबॉलच्या मुलांचं अप्रूप आहे. परवानगी कडक असते, ओळखपत्रांची यादी आधी द्यावी लागते, आणि एकदा दिलेली वेळ कोणत्याही दिवशी रद्द होऊ शकते. म्हणून अशी जागा जादाची समजा, आठवड्याचा मुख्य सराव तिच्यावर टाकू नका.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी आहे. तिथे पेठेपेठेत तालीम मंडळं आहेत: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. त्यांचे संघ शाहू स्टेडियमवर केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, स्पर्धा खेळतात आणि सामन्याला अख्खी पेठ लोटते. कोल्हापुरातल्या कॉलेजच्या संघात एखाद्या तालमीचा पोरगा नसेल असं होणं कठीण. तिथे नव्या क्रीडाशिक्षकानं मैदान शोधण्याआधी मंडळाच्या ज्येष्ठ खेळाडूंना भेटावं, मुलं कोणत्या वेळी मंडळाच्या सरावाला जातात ते विचारावं आणि आपली वेळ तिच्याशी जुळवून घ्यावी. दोन्हीकडे ओढाताण झाली तर पोरगा मंडळाकडे जाणार, हे मनाशी धरून चालावं. मला त्यात गैर काही वाटत नाही. त्याला खेळ तिथेच लागला आहे.

गोव्यात भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात गोलपोस्ट उभे राहतात. कोकणात आणि घाटाखाली शिकवणाऱ्यांनी ही युक्ती जरूर वापरावी. शेतमालकाशी बोला, खुंट उपटून घ्या, नांगरट सुरू होईपर्यंत जागा तुमची.

पावसाळा ही फुटबॉलची संधी आहे

आपल्याकडे जागेवरचा खरा दावेदार क्रिकेट. दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत प्रत्येक पटांगणावर स्टंप दिसतात. जून ते सप्टेंबर मात्र खेळपट्टी झाकलेली असते आणि क्रिकेटवाले घरी असतात. मुंबईच्या आझाद मैदानावर, शिवाजी पार्कवर पावसाळ्यात चिखलात फुटबॉल रंगतो तो याचमुळे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या सत्रात, पावसाच्या दिवसांतच येतात.

म्हणून क्रिकेट क्लबकडे मे महिन्यातच जा आणि फक्त चार महिने मागा. खेळपट्टीभोवती दोरी बांधायची, तिच्यावर एकही पाय पडू द्यायचा नाही, असं स्वतःहून लिहून द्या. खेळपट्टीवर माळी वर्षभर राबतो. तिथे बुटांच्या स्टडचे ठसे उमटले की पुढच्या वर्षी फाटक बंद.

मात्र विजा चमकायला लागल्या की सराव तिथेच थांबवा. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर मुलांना पक्क्या इमारतीत न्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नका. झाडाखाली किंवा गोलपोस्टजवळ उभं राहू देऊ नका. परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी, हा धोका जास्त.

पाहणी करताना

जागा दुपारी बाराला बघून येऊ नका. ज्या वेळी सराव करणार त्याच वेळी जा, तेही दोनदा: एकदा मधल्या वारी, एकदा शनिवारी. फाटकावरचे मामा आणि शेजारचा चहावाला यांच्याकडून जे कळतं ते कार्यालयात कळत नाही. कोण कधी येतं, कोणत्या महिन्यात मांडव पडतो, पाणी किती दिवस साचतं, रात्री दारू प्यायला कोण बसतं.

पहाटे पाचला गेलात तर पोलीस भरतीची पोरं दिसतील. ती सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात आणि सातला निघून जातात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्यानंतरची वेळ घ्या. त्यांच्याइतकी मैदानाची खडान् खडा माहिती कोणालाच नसते. गोळाफेक कुठे चालते ते मात्र नीट बघून ठेवा. तो कोपरा टाळायचा.

मग चप्पल काढून मैदानावर आडवं-तिडवं चाला. खरंच चाला. मला आमच्या दुसऱ्या मैदानाचा पहिला दिवस आठवतो. वरून बघितलं तर मऊ, हिरवट जमीन. दहा पावलं टाकली आणि दोन्ही तळव्यांत सराटे. जमिनीलगत पसरणारी ती बारीक पिवळ्या फुलांची वेल, तिचं वाळलेलं फळ म्हणजे चहूबाजूंनी काटे. त्या आठवड्यात चारपैकी तीन चेंडूंची हवा गेली आणि गोलकीपरच्या कोपरात काटे मोडले. मग एका रविवारी सगळा संघ एका ओळीत बसून, खुरपी घेऊन, मुळापासून वेल काढत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला. फळ धरण्याआधी, पावसाळ्यातच, वेल काढली तर पुढच्या वर्षी त्रास कमी होतो. वाळल्यावर काढायला गेलात तर काटे जमिनीत गळून पडतात.

मातीकडे लक्ष द्या. मुरूम पडलेलं मैदान पाणी धरत नाही, पाऊस थांबल्यावर तासाभरात खेळता येतं. पण पडलं की गुडघा सोलतो आणि उन्हाळ्यात ते दगडासारखं होतं. अशा जागी लांब स्टडचे बूट नकोत, बारीक रबरी गुठळ्यांचे टर्फचे बूट बरे. काळी माती पावसात पायाला धरून ठेवते, बूट तिथे आणि पाय पुढे अशी गत होते, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगेत अडकून घोटा मुरगळलेली दोन मुलं मी दवाखान्यात नेली आहेत. लाल मातीचं, रोलर फिरवलेलं मैदान मिळालं तर सोडू नका.

बाकीचं भराभर बघून घ्या. पिण्याचं पाणी आहे का. स्वच्छतागृहाला कडी आहे का. रस्ता लागून असेल तर चेंडू अडवायला जाळी आहे का. काचा, खिळे, मांडवाचे खड्डे. रुग्णवाहिका आत येईल एवढं फाटक कोणतं आणि त्याची किल्ली कोणाकडे. १०८ ला फोन केल्यावर पत्ता सांगताना हीच गोष्ट अडते.

गोलपोस्टबद्दल मी फार आग्रही आहे. हलवता येणारा गोलपोस्ट जमिनीला बांधलेला किंवा मागे वाळूच्या पोत्यांनी दाबलेला नसेल तर मुलांना त्याच्याजवळ उभं राहू देऊ नका. आडव्या दांडीला लोंबकळलं की तो पुढे उलटतो. जगात अशानं मुलं दगावली आहेत. पहिल्याच दिवशी संघाला सांगायचं: दांडीला लटकायचं नाही. सरावानंतर गोलपोस्ट पालथे घालून भिंतीला साखळीनं बांधायचे.

शेवटी उजेड. डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या आधी सूर्य मावळतो, जूनअखेर सव्वासातला. म्हणजे जूनमध्ये ठरवलेली संध्याकाळची वेळ हिवाळ्यात तासाभरानं आखडते. जानेवारीत सकाळीही सात वाजून गेल्याशिवाय सूर्य वर येत नाही. कॉमर्सची मुलं सकाळच्या कॉलेजला साडेसातला बसतात आणि सायन्सची प्रॅक्टिकल्स पाचपर्यंत चालतात. या दोन्ही गोष्टी एका तक्त्यात मांडल्याशिवाय वेळ मागायला जाऊ नका.

लेखी परवानगी

पहिल्या वर्षी मी तोंडी शब्दावर विसंबलो. एका मैदानाच्या व्यवस्थापकांनी "या हो, पोरं खेळली तर बरंच आहे" असं म्हटलं, आम्ही दोन महिने खेळलो. स्पर्धेला सहा दिवस असताना संध्याकाळी पोचलो तर बांबू उतरत होते. लग्नाचा मांडव. व्यवस्थापकांचा दोष नव्हता. भाड्याची पावती त्या लोकांकडे होती, आमच्याकडे काहीच नव्हतं. मुलं बॅगा खांद्यावर घेऊन फाटकाशी उभी होती आणि कोणी काही बोलत नव्हतं. तेव्हापासून कागदाशिवाय मी एकही सराव घेतलेला नाही.

अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं, एका पानात बसवा:

"विषय: महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाच्या सरावासाठी मैदान उपलब्ध करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, आमच्या महाविद्यालयाचा २४ विद्यार्थ्यांचा संघ यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सहभागी होत आहे. सरावासाठी आपले मैदान दर मंगळवारी व गुरुवारी सायंकाळी ५.१५ ते ६.४५ या वेळेत, दि. १ जुलै ते ३१ डिसेंबर या कालावधीत वापरण्यास परवानगी मिळावी. सरावाच्या वेळी महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक पूर्ण वेळ उपस्थित राहतील. मैदानाची स्वच्छता, आखणी व गोलपोस्टची सुरक्षितता ही जबाबदारी आमची राहील. आपल्या कार्यक्रमासाठी मैदान हवे असल्यास तीन दिवस आधी कळवावे. त्या दिवशी आम्ही सराव ठेवणार नाही. सोबत खेळाडूंची यादी जोडली आहे."

तीन दिवसांचं ते वाक्य फार कामाचं. मैदान अडकून पडेल ही मालकाची भीती त्यानं जाते, आणि बांबू बघून परत फिरण्याची वेळ आपल्यावर येत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळीचे फटाक्यांचे स्टॉल, निवडणुकीच्या सभा यांच्या तारखा तुम्हीच आधी कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. आठ दिवसांनी जाऊन फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते शांतपणे विचारा. अनामत रक्कम मागितली तर पावती घ्या. खर्च जिमखाना निधीतून व्हायचा असेल तर ऑडिटला पावती आणि बहुतेक ठिकाणी तीन कोटेशनं लागतात. हे जुलैतच कॉलेजच्या लेखा विभागाला विचारून ठेवा.

टर्फ कधी, किती

हिरव्या जाळीचे टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची भाड्याची छोटी मैदानं, आता तालुक्याच्या गावीही आहेत. सोयीचे आहेत, दिवे आहेत, पाऊस पडला तरी चालतात. पण त्यातले बहुतेक पाच-सहा जणांच्या खेळापुरते असतात आणि चेंडू जाळीला लागून परत येतो. आम्ही पंधरवड्यातून एकदा जातो, आणि बारा-बाराच्या दोन गटांत.

समजा तासाला बाराशे रुपये भाडं आहे. बारा जणांत ते माणशी शंभर झाले, महिन्यातून दोनदा म्हणजे दोनशे. एखाद्या मुलाच्या घरी हे दोनशे जड असतात आणि तो सांगत नाही. फक्त सरावाला यायचा बंद होतो. त्यामुळे टर्फचे पैसे मुलांकडून गोळा करू नका, जिमखान्यातून किंवा माजी खेळाडूंकडून करा. मालकाशी भाव करताना संध्याकाळी सातनंतरची वेळ मागू नका, ती बॉक्स क्रिकेटची आणि सगळ्यात महाग. सकाळी सहा ते आठ किंवा कामाच्या दिवशी चार वाजताची वेळ मागा आणि सहा महिन्यांचं एकदम ठरवा. भर दुपारी मात्र नको. उन्हात कृत्रिम गवत मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं, तळपाय भाजतात. धातूचे स्टड चालत नाहीत हेही मुलांना आधी सांगा.

मुलींचा संघ

मुलींसाठी जागा शोधताना माझी यादी उलटी होते. आधी स्वच्छतागृह, पाणी आणि कपडे बदलायला बंद खोली, मग मैदान. परत जायला बस किंवा शेअर रिक्षा किती वाजेपर्यंत मिळते ते स्वतः त्या वेळी उभं राहून बघा. पहिल्या वर्षी आम्ही मुलींना मुलांनंतरची, सव्वासहाची वेळ दिली होती. दोन आठवड्यांत अठराच्या अकरा झाल्या. खेळ आवडत नव्हता असं एकीनंही म्हटलं नाही. घरून अंधाराचं कारण होतं. वेळ बदलली, मुलींना आधीची आणि मुलांना नंतरची दिली, आणि संख्या परत पंधरावर आली. पालकांना एकदा मैदानावर बोलवा. जागा डोळ्यांनी पाहिली, सोबत कोण असतं ते कळलं की घरचा विरोध बराच मावळतो. संघाबरोबर एक शिक्षिका किंवा माजी खेळाडू ताई असलीच पाहिजे.

आखणी आपल्या हातानं

मिळालेल्या जागेवर रेषा नसतात. त्या मारायला शिका, दोन तासांचं काम आहे. साहित्य: पन्नास मीटरची टेप, सुतळी, आठ खुंट्या, फक्कीची दोन पोती आणि तळाला भोकं पाडलेला डबा. कळीचा चुना वापरू नका, तो डोळ्यांत आणि सोललेल्या गुडघ्यात भाजतो.

कोपरा काटकोनात येणं महत्त्वाचं. कोपऱ्यातल्या खुंटीपासून गोलरेषेवर सहा मीटर मोजा, बाजूच्या रेषेवर आठ मीटर. त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर दहा मीटर भरलं की कोन काटकोन. नाही भरलं तर बाजूची सुतळी सरकवत राहा. चारही कोपरे असे झाले की बाकीचं पटापट होतं. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ उंच. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. पेनल्टी क्षेत्र प्रत्येक खांबापासून १६.५ मीटर बाजूला आणि तेवढंच आत, म्हणजे रुंदी ४०.३२. मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं. एक जण मधे सुतळी धरून उभा, दुसरा डबा घेऊन फिरतो. मैदान लहान असलं तरी पेनल्टी क्षेत्र पूर्ण मापाचं आखा. गोलकीपरच्या डोळ्यांना ते अंतर रोज दिसलं पाहिजे.

हे काम शिपायावर सोपवू नका, मुलांकडून करून घ्या. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांची ती पाळी असते.

जागा हातची जाऊ नये म्हणून

सराव संपल्यावर शेवटची दहा मिनिटं ठेवायची: बाटल्या, टेप, फाटलेली पट्टी, सगळं उचलायचं, खड्डा पडला असेल तर माती टाकून पायानं दाबायची. शाळेच्या मुख्याध्यापकांना सकाळी मैदान आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ दिसलं पाहिजे. आम्ही त्या शाळेच्या आठवी-नववीच्या मुलांना शनिवारी अर्धा तास शिकवतो. दोन वर्षांनी त्यातलीच तीन मुलं आमच्या कॉलेजात आली, थेट संघात. फाटकावरच्या मामांना दिवाळीला मिठाई आणि संघाचा टी-शर्ट देतो. उशीर झाला तर तेच दिवा चालू ठेवतात.

एक वही ठेवा: तारीख, जागा, किती जण आले, सराव का रद्द झाला. वर्षाअखेर ती उघडली की दिसतं, गेलेल्या सरावांपैकी किती पावसानं गेले, किती परीक्षेनं आणि किती मैदान न मिळाल्यानं. प्राचार्यांपुढे निधी मागताना ही वही भाषणापेक्षा जास्त काम करते.

आणि परवानगीचं नूतनीकरण. परवानगी डिसेंबरला संपत असली तरी पुढच्या वर्षाचा अर्ज एप्रिलमध्येच द्या, सोबत संघाच्या निकालाचं एक पान आणि मैदानावर काढलेला संघाचा फोटो, ज्यात शाळेचा फलक मागे दिसतो. मे महिन्यात कार्यालयात गर्दी नसते, कर्मचारी बोलायला मोकळे असतात. तेव्हाच जा आणि जूनची पहिली तारीख लिहून घेऊन या.